निरोपाला वाचा कशी फुटली

मराठींत 'निरोप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. दूरच्या माणसास कळविलेला मजकूर म्हणजे निरोप, आणि निघणाऱ्या माणसास दिलेली अनुज्ञा म्हणजेहि निरोपच. एकाच शब्दानें हे दोन्ही अर्थ वाहावे यांत नवल नाहीं; कारण वियोग झाल्यावांचून निरोप पाठविण्याची गरजच पडत नाहीं. या वियोगावर मनुष्यानें जे जे उपाय योजिले त्यांचा इतिहास हा एका परीनें दोन साधनांच्या परस्परसंबंधाचा इतिहास आहे. एक साधन लेखणी, दुसरें वाणी. हीं दोन्ही कधीं हातांत हात घालून चाललीं, कधीं त्यांची फारकत झाली, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तीं पुनः एकत्र आलीं. ज्या पानावर निरोप लिहावयाचा त्याच पानावरून प्रत्यक्ष संभाषणहि करावयाचें, ही मोबाइलवरील सोय पुष्कळांना यंत्रविद्येची एक गंमत वाटते. तिचें खरें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागेल.

मराठेशाहींत पुणें व नागपूर या दोन दरबारांमधील पत्रें जासूद व काशीद यांच्या हातीं जात. जासूद बहुधा जोडीनें निघत. त्यांच्यापाशीं कागद असे, परंतु सगळाच मजकूर कागदावर नसे. 'बहुत काय लिहिणें' असें म्हणून पत्र आटोपतें घ्यावयाचें, आणि जें लिहिणें धोक्याचें अथवा अवघड, तें नेणाऱ्याच्या तोंडीं सोपवावयाचें, अशी चाल होती. 'मुखजबानी' हा शब्द त्या काळच्या पत्रांतून वारंवार भेटतो तो यामुळेंच. पत्र वाचून झाल्यावर त्या माणसाला समोर बसवून चार प्रश्न विचारतां येत. फौज कोठवर आली, सांगणाऱ्याची मुद्रा कशी होती, शब्दांत राग होता कीं नुसती सावधगिरी, हें सारें त्याच्याकडून काढून घेतां येई. कागद हा पुरावा आणि मुख हा खुलासा, अशी ती जोडी होती. एकास दुसऱ्याची उणीव भरून काढतां येत असे.

ही जोडी फुटली ती तारायंत्रामुळें. १८५० मध्यें डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान प्रायोगिक तार टाकली. १८५४ मध्यें डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें, आणि त्याच सालीं कलकत्ता, आग्रा व मुंबई हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. विदर्भाच्या इतिहासांत या दोन घटना शेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. दरबार गेला, दरबाराचे जासूद गेले, आणि त्यांच्या जागीं खांबांवरून धांवणारी तार आली. तिचा वेग अपूर्व होता. जासुदाला जेथें कित्येक दिवस लागत तेथें मजकूर कांहीं तासांत पोहोंचूं लागला. परंतु तारेला तोंड नव्हतें. लिहून दिलें असेल तेवढेंच ती आणी, आणि शब्दागणिक पैसे घेई. म्हणून मजकुराची छाटणी करून त्याचा नुसता सांगाडा पाठविण्याची रीत पडली. 'ताबडतोब निघा' एवढ्या दोन शब्दांत कोण आजारी, किती आजारी, कीं सर्व कांहीं संपलेंच आहे, याचा उलगडा होत नसे. आणि उलट विचारावयाचें तर दुसरी तार करून उत्तराची वाट पाहावी लागे.

काटोलासारख्या तालुक्याच्या गांवीं तारेचें भय वाटे तें याकरितां. नागपुराच्या वायव्येस, जाम नदीच्या कांठीं, संत्र्यांच्या बागांनीं वेढलेलें हें गांव. तेथील शेतकरी कुटुंबाच्या दारीं तार आली, तर ती वाचण्यासाठीं कोणीतरी शिकलेला माणूस शोधावा लागे, कारण मजकूर बहुधा इंग्रजींत व रोमन लिपींत असे. १९५१ च्या जनगणनेंत संबंध देशांतील साक्षरतेचें प्रमाण सुमारें १८ टक्के भरलें. म्हणजे दर पांच माणसांमागें चौघांचें पत्र दुसऱ्यानें लिहावयाचें आणि दुसऱ्यानेंच वाचावयाचें, अशी त्या काळची स्थिति होती. आईनें सांगावें, पोस्टांत बसणाऱ्या लेखकानें आपल्या भाषेंत लिहावें, आणि पलीकडे कोणा तिऱ्हाइतानें मोठ्यानें वाचून दाखवावें. मधल्या दोन माणसांसमोर जें बोलतां येई तेवढेंच त्या पत्रांत शिरे. जें सांगावयाचें तें मनांतच राही.

वाणीला तारेवरून जाण्याची वाट १८७६ मध्यें ग्रॅहम बेलच्या टेलिफोननें मोकळी केली. १८८२ मध्यें कलकत्ता व मुंबई येथें टेलिफोनचीं एक्स्चेंजें उघडलीं. परंतु पुढें कित्येक दशकें टेलिफोन हा कचेऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि श्रीमंतांचा राहिला. परगांवीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसावें लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या चढत्या दराच्या पायऱ्या होत्या. १९४८ मध्यें नागपूरला आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें आणि आसपासच्या तालुक्यांतून घराघरांत आवाज पोहोंचला. मात्र तो एकाच दिशेचा होता. ऐकणाऱ्याला उत्तर देतां येत नव्हतें. नोंदणीवांचून दूरच्या गांवाशीं थेट बोलण्याची व्यवस्था आपल्या देशांत प्रथम १९६० मध्यें कानपूर व लखनौ या शहरांमध्यें झाली. १९८४ मध्यें सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. खेड्यांतील उन्हाळा व धूळ सोसतील असे लहान एक्स्चेंज तिनें तयार केले, आणि पिवळ्या पाट्यांचीं एसटीडी दुकानें लहानसहान गांवांतून दिसूं लागलीं. रात्रीं दर उतरले म्हणजे त्यांच्यापुढें रांगा लागत. आंत बोलणाऱ्याचा एक डोळा चढत्या आंकड्यांवर खिळलेला असे. तरी आई आपल्या मुलाशीं प्रथमच मध्यस्थावांचून बोलली, ही गोष्ट लहान नव्हे.

याप्रमाणें विसाव्या शतकाच्या अखेरीस लेखणी व वाणी या दोघींनाहि वेग मिळाला होता. परंतु त्यांचे रस्ते निराळे होते. पत्र पोस्टानें जाई, तार तारघरांतून, आणि बोलणें टेलिफोनच्या दुकानांतून. त्या दोघी एका ठिकाणीं आल्या त्या संगणकाच्या जाळ्यांत. येथेंहि पहिला मान लिखित शब्दाचाच होता. १९८८ मध्यें फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यानें अनेकांनीं एकदम लिहून गप्पा मारण्याची व्यवस्था केली. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत मोबाइलवर पहिला लघुसंदेश गेला. त्यांत नाताळच्या शुभेच्छा होत्या. १९९६ मध्यें इस्राएलमधून 'आयसीक्यू' हें निरोपांचें साधन निघालें. आवाज मात्र मागें राहिला, आणि त्याचें कारण गणिताचें आहे.

संगणक सर्व कांहीं शून्य व एक या दोन चिन्हांत साठवितो. अशा एका चिन्हाला बिट म्हणतात. पूर्ण भरलेला एक लघुसंदेश १,१२० बिटांत बसतो. टेलिफोनच्या अंकीय पद्धतींत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात व प्रत्येकास ८ बिट देतात. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याला ६४,००० बिट लागले. एका सेकंदाच्या आवाजांत सुमारें सत्तावन्न लघुसंदेश मावतात, असा हा हिशेब आहे. शिवाय लेखी निरोप दोन सेकंद उशिरां आला तर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. आवाजाचें तसें नाहीं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणें बोललेला शब्द एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास सुमारें १५० सहस्रांश सेकंदांत पोहोंचला पाहिजे. याहून फार विलंब झाला म्हणजे दोघेहि एकदम बोलूं लागतात, दोघेहि एकदम थांबतात, आणि संभाषणाची लय मोडते.

या अडचणींवर तोड निघाली ती प्रयोगशाळांत. आवाजाचे बारीक तुकडे पाडून ते पुडक्यांसारखे संगणकांच्या जाळ्यांतून पाठवावे, असा प्रयोग १९७४ मध्येंच अमेरिकेंत झाला होता. आज हें पुडकें बहुधा वीस सहस्रांश सेकंदांचें असतें. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास तुकडे होतात, ते आपापल्या वाटेनें जातात आणि पलीकडे पुनः क्रमानें जुळविले जातात. परंतु तुकडे लहान होण्यासाठीं मुळांत आवाजच थोडक्यांत मांडतां आला पाहिजे. त्या कामीं ज्यांचा मोठा वांटा आहे त्यांत जपानी शास्त्रज्ञांबरोबर अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे भारतीय शास्त्रज्ञ बिष्णु अटल यांचें नांव येतें. मानवी आवाजाचा पुढचा क्षण मागच्या क्षणांवरून बराचसा ताडतां येतो. म्हणून जेवढें ताडतां येत नाहीं तेवढेंच पाठवावें, असें त्या युक्तीचें तत्त्व आहे. त्याच मार्गानें पुढें जाऊन २०१२ मध्यें 'ओपस' ही प्रमाण पद्धति ठरली. पूर्वीं ज्याला सेकंदाला ६४,००० बिट लागत तें समजण्याजोगें बोलणें आतां ६,००० बिटांतहि नेतां येतें.

आपल्या देशांत या गोष्टीला कायद्याचीहि आडकाठी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, परंतु त्यावरून बोलण्याची मुभा १ एप्रिल २००२ पासून मिळाली, आणि तीहि मर्यादित. २००३ मध्यें स्काइप आलें. २००५ मध्यें गूगलनें निरोप व संभाषण एकाच चौकटींत आणलें. परदेशीं मुलगा असलेले आईबाप ठरलेल्या वेळीं शहरांतल्या सायबर कॅफेंत जाऊन कानांना यंत्र लावून बसूं लागले. स्काइप २०२५ मध्यें बंद झालें. परंतु त्यानें लावलेली संवय टिकली.

ज्यांना लिहितां-वाचतां येत नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न मात्र या सगळ्यांत मागेंच पडला होता. महाराष्ट्रांत तो एका निराळ्या वाटेनें पुढें आला. कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत १९९८ मध्यें सुमारें सत्तर गांवांसाठीं संगणक केंद्रांची योजना झाली. कांहीं वर्षांनीं पाहणी केली तेव्हां असें दिसलें कीं, शेतकरी तेथें येतो तो मुख्यतः उसाचें वजन, खत आणि तोडणी यांविषयींची नेमकी माहिती घेण्यास. एवढ्या कामाला मोबाइलवरील लघुसंदेश पुरतो, हें २००६ व २००७ च्या सुमारास कांहीं गांवांत प्रयोगानें सिद्ध झालें. आंकडा पाहिजे असेल तेथें लेखी निरोपासारखें स्वस्त साधन नाहीं, हा वारणेचा धडा.

त्याच्या उलट धडा विदर्भाच्या शेजारच्या छत्तीसगडांतून मिळाला. २०१० मध्यें पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनीं 'सीजीनेट स्वर' ही व्यवस्था सुरू केली. एका क्रमांकावर टेलिफोन करावा, एक कळ दाबून आपलें म्हणणें सांगावें, दुसरी दाबून इतरांचें ऐकावें, एवढेंच तिचें स्वरूप होतें. गोंडी बोलणारे लक्षावधि. परंतु ती लिहिणारे-वाचणारे फार थोडे. हातपंप नादुरुस्त आहे, मजुरी मिळालेली नाहीं, शाळेंत शिक्षक येत नाहींत, या तक्रारी त्यांनीं आपल्या भाषेंत आणि आपल्या आवाजांत सांगितल्या. जी तक्रार करण्यास पूर्वीं अर्ज लिहिणारा शोधावा लागे ती तोंडानें करतां आली. हा आवाज सांठविलेला होता, समोरासमोरच्या संभाषणासारखा जिवंत नव्हता. तरी वाट कोणत्या दिशेनें आहे तें त्यानें दाखविलें.

त्या वाटेनें सामान्य कुटुंबें गेलीं तीं व्हॉट्सॲपबरोबर. २००९ मध्यें निघालेलें हें साधन आरंभीं केवळ लेखी निरोपांचें होतें. २०१३ मध्यें त्यांत बोलून पाठवावयाचा निरोप आला, २०१५ मध्यें प्रत्यक्ष संभाषण, २०१६ मध्यें दोघांवांचून तिसऱ्यास कळूं नये अशी गुप्तलेखनाची व्यवस्था व पुढें चित्रासह बोलणें, आणि २०१८ मध्यें चौघांनीं एकत्र बोलण्याची सोय. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचे दर कोसळले, आणि आजवर शहरांत असलेली सोय खेड्यापाड्यांत गेली. २०२० च्या टाळेबंदींत जेव्हां घराघरांचीं दारें बंद झालीं, तेव्हां चारांची मर्यादा आठांवर नेण्यांत आली. अंत्यविधीला जातां न आलेल्या कित्येक नातलगांनीं त्या काळांत एकमेकांचें सांत्वन केलें तें याच मार्गानें.

त्याच वर्षीं अमेरिकेंत 'क्लबहाउस' निघालें. तेथें लिहिण्याला जागाच नव्हती. केवळ आवाजाचीं दालनें होतीं. मे २०२१ मध्यें तें आपल्याकडील सर्वसाधारण मोबाइलवर येतांच त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु दोनच महिन्यांनीं त्यालाहि आंतल्या आंत लेखी निरोपांची सोय जोडावी लागली. नुसत्या लेखणीचें साधन वाणीकडे आलें आणि नुसत्या वाणीचें साधन लेखणीकडे वळलें. जासुदाच्या हातांत कागद व तोंडांत खुलासा कां असे, याचें उत्तर या घटनेंत सांपडतें.

नोव्हेंबर २०२३ मध्यें व्हॉट्सॲपनें मोठ्या समूहांसाठीं एक आणखी प्रकार आणला. त्यांत सर्वांचे टेलिफोन एकदम खणखणत नाहींत. समूहाच्या पानावर संभाषण चालू असल्याची खूण दिसते. ज्याला सवड असेल त्यानें यावें, ऐकावें, वाटल्यास बोलावें, आणि निघून जावें. त्याच वेळीं खालीं लेखी निरोपहि चालू राहतात. टेलिफोनची घंटा ही आज्ञा असते. ती वाजली कीं हातचें काम सोडावें लागतें. ही खूण म्हणजे आमंत्रण आहे. गांवांतील पार ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. पारावर कोणाला बोलावणें पाठवीत नसत.

या जोडणीचा उपयोग काय, हें काटोल व नरखेड भागांतील संत्र्याच्या बागेवरून चांगलें समजतें. आंबिया व मृग या दोन बहारांच्या हिशेबानें चालणाऱ्या या शेतींत डिंक्या हा फार जुना शत्रु आहे. काटोलास अकोल्याच्या कृषि विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र आहे, आणि २००४ पासून शेतकऱ्यांसाठीं किसान कॉल सेंटरहि चालू आहे. 'झाडाला डिंक येतो, उपाय सांगा', असा निरोप बागाईतदार कोणा जाणत्यास लिहितो. परंतु जाणत्याला आणखी विचारावयाचें असतें. डिंक जमिनीपासून किती उंचीवर आहे? पाणी खोडाला लागतें काय? जमीन भारी कीं हलकी? पानें पिवळीं पडलीं आहेत काय? लिहून विचारूं गेल्यास या चार प्रश्नांना दोन दिवस पुरत नाहींत. बोलण्यांत पांच मिनिटांत निकाल लागतो, आणि समूहांतील इतर बागाईतदारहि तें ऐकतात. मात्र उपाय सांगतांना पुनः लेखणी लागते. बोर्डो मलमास मोरचूद एक किलो, चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर, हे आंकडे कानानें ऐकून चुकण्याचा संभव असतो. ते खालीं लिहून आले म्हणजे मलम लावण्याच्या दिवशीं पुनः पाहतां येतात. निदान वाणीनें व्हावें आणि औषधपत्र लेखणीनें, अशी ही वांटणी आहे.

या व्यवस्थेचे तोटेहि विसरण्याजोगे नाहींत. लेखी निरोपाला उत्तर देण्यापूर्वीं विचार करण्यास वेळ मिळतो. जिवंत आवाज तो वेळ देत नाहीं. अलीकडे 'डिजिटल अटक' या नांवाखालीं जी लुबाडणूक चालते तिचें बळ यांतच आहे. पोलिस अधिकाऱ्याचा आव आणणारा आवाज तासन् तास माणसाला गुंतवून ठेवतो व दुसऱ्या कोणास विचारूं देत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' मध्यें पंतप्रधानांना याविषयीं देशाला सावध करावें लागलें. कायद्यांत अशा अटकेची तरतूदच नाहीं, आणि तोच मजकूर कागदावर आला असता तर पुष्कळांनीं तो शेजाऱ्याला दाखविला असता. पारावर ज्याचा आवाज मोठा त्याचें चाले, तें येथेंहि चालतें. हळू बोलणाऱ्या बाया आणि नवखीं मुलें गप्प राहतात, जीं कदाचित् लिहून मोकळेपणानें बोललीं असतीं. ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांना तर लेखी निरोपानेंच प्रथम बरोबरीची जागा दिली होती. सारा व्यवहार आवाजाकडे सरकला तर ती जागा त्यांच्या हातून जाईल. म्हणून शहाणा समूह बोलून झाल्यावर ठरलेली गोष्ट दोन ओळींत लिहून ठेवतो.

लिपि हा मानवी बुद्धीचा मोठा पराक्रम आहे, परंतु तिनें आपल्या दारावर एक पहारेकरीहि बसविला. ज्याला अक्षर येत नव्हतें त्याला दुसऱ्याच्या हातानें लिहावें व दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचावें लागे. निरोपाच्या पानावर आवाज आल्यानें तो पहारेकरी बाजूला झाला आहे. सातासमुद्रांपलीकडील नातवाचें पत्र ज्या आजीला कोणाकडून वाचून घ्यावें लागलें असतें ती आतां आपल्याच बोलींत त्याला रागावते, आणि तो लागलीच उत्तर देतो. शिकलेल्या घरांनीं या बोलण्याला लेखी निरोपाहून हलकें समजूं नये, तसेंच बोलणें मिळालें म्हणून लिहिणेंहि टाकूं नये. मराठेशाहींतील कारकुनाला हें ठाऊक होतें. आंकडे, तारखा व करार तो नीट कागदावर मांडी. आणि मग 'बहुत काय लिहिणें' असें लिहून उरलेलें माणसाच्या तोंडावर सोंपवी.